चौदा महिने, १७,६०० किलोमीटर आणि दाराच्या आत पडलेली काच

गाडीचं नाव लिहीत नाही. नाव लिहिलं की पुढची सगळी चर्चा त्या नावावरच होते. युरोपातल्या कंपनीची टर्बो पेट्रोल सेडान, मॅन्युअल गिअर, सहा वर्षं जुनी, पहिल्या मालकाकडून घेतलेली. ताकद, टॉर्क, डिकी हे आकडे तुम्हाला पाठ असतात, त्यात शिरत नाही.

नोव्हेंबर २०२४ मध्ये घेतली. त्याच ऑगस्टमध्ये विश्वामित्री नदी बडोद्यात शिरली होती, त्यामुळे जुनी गाडी पाहायला जाणारा प्रत्येक जण आधी पायाखालचा गालिचा उचलत होता. मीही सीटखालचे रूळ पाहिले, स्टेपनीचा खड्डा पाहिला, सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढून त्याच्या टोकाला गाळाचा डाग आहे का ते पाहिलं. गाडी कोरडी निघाली. पाच लाख चाळीस हजारांना व्यवहार झाला. घरात फक्त मीच खूश होतो. भावोजींनी परदेशातल्या विश्वासार्हता-रेटिंगची पानं फोनवर पाठवली होती, त्यात या गोत्राच्या गाड्या तळाच्या रांगेत. मी त्यांना उत्तर दिलं की ही रेटिंगं गाडी कळणाऱ्यांसाठी नसतात. ते वाक्य आज मला मागे घ्यायचंय, पण अर्धंच.

७ जुलैची संध्याकाळ. दांडिया बाजारातल्या डोळ्यांच्या डॉक्टरांकडून आईला घेऊन निघालो होतो आणि पाऊस सुरू झाला. काच वर घ्यायला बटण ओढलं, दारात टक् असा आवाज झाला, मोटर नुसतीच फिरली आणि माझ्या बाजूची काच सरळ खाली, दाराच्या पोटात. सूरसागरपर्यंत माझी उजवी बाजू चिंब झाली. आई म्हणाली, "अरे, जुन्या गाडीची काच हाताने फिरवायची होती ना, ती अकरा वर्षांत एकदा पडली का?" नव्हती पडली.

सर्व्हिस सेंटरचं म्हणणं: काचेचा रेग्युलेटर, म्हणजे काच वर-खाली करणारी यंत्रणा, संपूर्ण बदलावा लागेल, ९,८०० रुपये, मजुरी १,२०० वेगळी, आणि पार्ट बाहेरून मागवावा लागेल. तो आला एकोणीस दिवसांनी. एकोणीस दिवस गाडी सोसायटीच्या पार्किंगमध्ये दाराला प्लास्टिक चिकटवून उभी, आणि मी भर पावसात रेनकोट घालून स्कूटरवर मकरपुऱ्याला कामावर. जुना रेग्युलेटर मी मागून घेतला. घरी वर्तमानपत्रावर ठेवून पाहिला. मोटर ठणठणीत. पोलादी दोरी शाबूत. कप्प्या शाबूत. तुटली होती ती काच धरणारी प्लास्टिकची क्लिप, माझ्या अंगठ्याएवढी.

या क्लिपबद्दल जरा सविस्तर लिहितो, कारण ज्यांच्या गाड्या उन्हात उभ्या असतात त्या सगळ्यांना हे लागू आहे. मोटर दोरी ओढते, दोरी क्लिपला ओढते, क्लिप काचेला. काच दोन्ही बाजूंच्या रबराच्या चॅनेलमधून घासत वर जाते. आपल्याकडची धूळ त्या रबरात बसते, रबर सुकतं, काच जड चालते आणि तो सगळा ताण क्लिपवर येतो. मे महिन्यात बाहेर ४३ अंश असताना बंद दाराच्या पत्र्याआड किती तापत असेल ते तुम्हीच धरा. प्लास्टिक ठिसूळ होतं आणि पहिल्या पावसात काच ओढताना सुटतं. काच वर जाताना पूर्वीपेक्षा सावकाश जातेय असं वाटलं की त्याच आठवड्यात चॅनेल रबर ओल्या फडक्याने पुसा आणि सिलिकॉन स्प्रे मारा. तेलाचा अजिबात नको, त्यावर धूळ चिकटते. शंभर-दोनशे रुपयांचं काम आहे. मला कोणी सांगितलं नव्हतं.

मी पंप बनवणाऱ्या कारखान्यात क्वालिटीत आहे. आमच्याकडे दोषाचे तीन वर्ग: क्रिटिकल, मेजर, मायनर. रंगावरचा ओरखडा आणि शाफ्टमधली चीर एका आकड्यात कधी मिळवत नाहीत. म्हणून ऑगस्टमध्ये मी या रेटिंगांविरुद्ध तावातावाने लिहायला बसलो होतो. जे. डी. पॉवर या अमेरिकी पाहणी कंपनीचा आकडा म्हणजे दर शंभर गाड्यांमागे किती तक्रारी. त्यात ब्लूटूथ न जुळणं हीसुद्धा एक तक्रार आणि गिअरबॉक्स बसणं हीसुद्धा एकच. २०११ साली नव्या गाड्यांच्या त्यांच्या पाहणीत फोर्ड पाचव्या क्रमांकावरून एकदम तेविसाव्यावर घसरली, त्यात मोठा वाटा टचस्क्रीनवरच्या वैतागाचा होता. जर्मनीतला एडीएसी क्लब रस्त्यावर बंद पडलेल्या गाड्या मोजतो, त्यात चाळीस टक्क्यांहून जास्त वेळा कारण असतं बारा व्होल्टची बॅटरी. माझीही बॅटरी फेब्रुवारीत गेली. ती सहा वर्षांची होती, कुठल्याही गाडीत गेली असती. तिच्यावरून इंजिनाला नापास करणं मला पटत नव्हतं.

आणि या सगळ्या आकड्यांच्या रकान्यांत रविवारची सकाळ कुठेच नव्हती. पहाटे साडेपाचला अमदावादच्या एक्स्प्रेसवेला लागावं, ९३ किलोमीटर सरळ रस्ता, गाडी शंभरावर अशी बसते की रस्ता तिला धरून ठेवतोय असं वाटतं. किंवा हालोलकडून पावागडच्या पायथ्याची वळणं, जिथे स्टिअरिंगमधून डांबराचा पोत हाताला कळतो. मी पंचेचाळीस वर्षांचा आहे, या गाडीने मला पुन्हा कारण नसताना घराबाहेर काढलं. आईसुद्धा चांपानेरला दोनदा आली. हे कोणत्या वर्गात धरायचं?

इथपर्यंतचं मत ऑगस्टमधलं. पुढचं डिसेंबरमधलं आहे आणि ते बदललेलं आहे.

वही घेऊन बसलो होतो. मी प्रत्येक खर्च तारखेसह लिहितो, ही वडिलांची सवय. वहीत मोठ्या अशा तीनच गोष्टी होत्या: बॅटरी ६,२००, काच ११,०००, ठरलेली सर्व्हिस. पण बँकेचा उतारा वेगळं सांगत होता. मार्चमध्ये इग्निशन कॉइल (स्पार्क प्लगला ठिणगीसाठी वीज देणारी) गेली होती, २,१०० रुपये, गाडी दोन दिवस उभी. ऑक्टोबरमध्ये पुढच्या सस्पेन्शनचा लिंक रॉड, २,६०० रुपये, एक दिवस. दोन्ही मी वहीत लिहिलेच नव्हते. का, ते मला लगेच कळलं. कॉइल गेली तेव्हा मनात आलं होतं, टर्बो पेट्रोलला हे होतंच. लिंक रॉडच्या वेळी, आपल्या रस्त्यांवर हे होतंच. जुन्या हॅचबॅकची हीच दुरुस्ती मी लाल शाईने लिहिली असती. तपासणाऱ्यालाच माल आवडला की त्याच्या अहवालावर सही करू नये, हे मी नव्या मुलांना शिकवतो.

मग रेटिंगवाल्यांची पद्धत पुन्हा नीट वाचली. कन्झ्युमर रिपोर्ट्स ही अमेरिकेतली ग्राहकांची संस्था १९३६ पासून चालू आहे, चाचणीसाठीची गाडी स्वतः पैसे देऊन विकत घेतं, जाहिराती घेत नाही. विश्वासार्हतेसाठी सभासदांना विचारतं की गेल्या बारा महिन्यांत काय बिघडलं, आणि इंजिन-गिअरबॉक्सच्या बिघाडाला काचेपेक्षा जास्त वजन देतं. म्हणजे माझा मेजर-मायनरचा आक्षेप त्यांना लागू होत नाही. शिवाय मालकाचं समाधान ते वेगळं विचारतात: हीच गाडी पुन्हा घ्याल का? २०१५ साली टेस्लाच्या मॉडेल एसला त्यांनी रस्त्यावरच्या चाचणीत शंभरपैकी १०३ गुण दिले, मोजपट्टीच बदलावी लागली. दोन महिन्यांनी मालकांच्या तक्रारींवरून त्याच गाडीची शिफारस काढून घेतली. आणि त्याच पाहणीत ९७ टक्के मालक म्हणत होते, पुन्हा हीच घेऊ. ही मला आता अन्यायाची गोष्ट वाटत नाही. प्रेम आणि बिघाड दोन वेगळ्या रकान्यांत लिहिले, दोन्ही खरे. मी वहीत एकाने दुसरा खोडला होता.

चाहत्यांची गाडी म्हणजे बिघडणारीच, हेही त्यांच्याच आकड्यांत टिकत नाही. २०२० मध्ये त्यांच्या यादीत माझदा पहिली आली, आणि तिच्यातली सर्वांत विश्वासार्ह ठरली दोन सीटची छोटी एमएक्स-५, जी लोक निव्वळ चालवण्याच्या आनंदासाठी घेतात. म्हणजे आपल्याला आवडते म्हणून बिघाड सोसावा असा नियम कुठे नाही. मी तो स्वतःच करून घेतला होता.

पण माझं एक गाऱ्हाणं शिल्लक आहेच. फियाटचं १.३ लिटरचं डिझेल इंजिन आठवा. तेच १२४८ सीसीचं इंजिन स्विफ्टमध्ये आलं, इंडिका व्हिस्टामध्ये आलं, लिनिया आणि पुंटोमध्येही होतं. स्विफ्टमधलं भरवशाचं आणि फियाटमधलं कटकटीचं, असं लोक वर्षानुवर्षं म्हणत आले. इंजिन एकच होतं, फरक पार्ट कुठल्या गावात आणि किती दिवसांत मिळतो याचा. भारत एनसीएपी २०२३ पासून सुरू झालं, ते टक्कर तपासतं. त्याचे पाच तारे दाखवून विक्रेते गाडी टिकेल असं सुचवतात तेव्हा मला राग येतो, त्या ताऱ्यांत टिकाऊपणा मोजलेलाच नसतो. आपल्याला हवा तो आकडा साधा आहे: वर्षात गाडी किती दिवस उभी राहिली आणि कशासाठी. माझा चौदा महिन्यांचा हिशोब: पाच बिघाड, २२,२५० रुपये, साडेबावीस दिवस. त्यातले एकोणीस एका क्लिपचे.

पाचवा बिघाड नवरात्रातला. मुलीला गरब्याहून आणताना रात्री साडेबाराला मागची काच पडली, तोच टक् आवाज. या वेळी सर्व्हिस सेंटरला फोनच केला नाही. पाणीगेटजवळच्या माझ्या मेकॅनिकने दार उघडलं आणि म्हणाला, "साहेब, आ तो खाली एक क्लिप छे." म्हणजे, ही तर नुसती एक क्लिप आहे. तुटलेले तुकडे जोडून व्हर्नियरने मापं घेतली आणि मकरपुरा जीआयडीसी या औद्योगिक वसाहतीतल्या एका जॉबवर्कवाल्याकडून डेलरिन या कणखर प्लास्टिकच्या ठोकळ्यातून मिलिंगवर दोन क्लिपा करून घेतल्या. दोन्ही मिळून ३५० रुपये. काच धरण्याच्या कडेला मूळ क्लिपेत धारदार कोपरा होता, चीर तिथूनच सुरू झाली होती. तिथे मी दीड मिलिमीटरची गोलाई द्यायला सांगितली. रविवारी दोन तासांत काच वर. दसऱ्यापासून रोज उघडबंद होतेय, आवाज नाही, ओढ नाही.

गाडी विकणार नाही. भावोजींना मात्र फोन करून सांगितलं की त्यांनी पाठवलेली पानं बरोबर होती. त्यांना त्यांच्या निवृत्तीच्या पैशातून गाडी घ्यायची आहे, स्वतः मापं काढत बसणारा माणूस त्यांच्याकडे नाही, त्यांनी ती रेटिंग पाहूनच घ्यावी. तुमच्यापैकी कोणी वर्षभराची नोंद ठेवली असेल तर बिघाडांच्या संख्येबरोबर उभे राहिलेले दिवसही लिहा.

दुसरी क्लिप डॅशबोर्डच्या खणात आहे. उरलेल्या दोन दारांची काचही आता जरा सावकाश चढतेय. उत्तरायणला, म्हणजे संक्रांतीला, सगळं बडोदा पतंग उडवायला गच्चीवर असतं, पार्किंग रिकामं मिळेल, तेव्हा दोन्ही दारं उघडून चॅनेल साफ करणार आहे.