७४एचसी०० : बूलियन लॉजिक हाताने शिकवणारी चिप

अँड, ओआर, नॉट ही गेट (० किंवा १ असे इनपुट घेऊन ० किंवा १ आउटपुट देणारी सर्किट) कागदावर सोपी वाटतात. प्रत्यक्ष तपासायचे तर चौदा पायांची ही चिप उत्तम. आत चार नँड गेट आहेत. नँडचे आउटपुट फक्त दोन्ही इनपुट १ असतानाच ०, एरवी १. एवढ्यावरून बाकी सगळे गेट बनतात: दोन्ही इनपुट जोडले की नॉट, नँडपुढे नॉट लावला की अँड. ओआरला तीन गेट लागतात. ए आणि बी आधी उलटवा, मग नँड करा. डी मॉर्गनचा नियम (उलटवलेल्या ए आणि बीचा नँड म्हणजेच ए ओआर बी) इथे डोळ्यांनी दिसतो.

खरी मजा एक्सओआरमध्ये (दोन इनपुट वेगळे असतील तरच १), कारण चारही गेट वापरले जातात. ए पिन १ व ४ ला, बी पिन २ व ९ ला. पिन ३ वरून ५ आणि १० ला वायर, ६ वरून १२, ८ वरून १३. उत्तर पिन ११ वर.

पिन १४ ला ५ व्होल्ट, ७ ला ग्राउंड, दोघांमध्ये ०.१ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर हवाच. आउटपुट दाखवणाऱ्या एलईडीला १ किलोओहम रेझिस्टर लावा. चिपच्या टोकावरच्या खाचेची दिशा चुकून सप्लाय उलटा गेला तर चिप तापून जळते.

सर्वाधिक घोळ मोकळ्या इनपुटमुळे होतो. इनपुट देणारे बटण सोडले की पिन अधांतरी राहते, हात जवळ नेला तरी एलईडी लुकलुकतो आणि ट्रुथ टेबल (कोणत्या इनपुटला कोणते आउटपुट याचा तक्ता) चुकल्यासारखे वाटते. प्रत्येक बटणाच्या इनपुटवरून ग्राउंडला १० किलोओहमचा रेझिस्टर द्या. न वापरलेले इनपुटही ग्राउंडला जोडा. नवशिक्यांनी हीच चिप घ्यावी.