पाठ केलेलं भाषण की मुद्द्यांची चिठ्ठी?

आपल्याकडे शाळेपासून भाषण म्हणजे पाठांतर. टिळक पुण्यतिथी आली की 'अध्यक्ष महाशय, पूज्य गुरुजनवर्ग'पासून 'जय हिंद'पर्यंत सगळं घोकायचं. याचा फायदा खरा आहे. भीती सुरुवातीलाच सर्वांत जास्त असते. अ‍ॅड्रेनलिनमुळे छाती धडधडते, तोंडाला कोरड पडते, पण घोकलेलं असलं की जीभ सवयीनं चालत राहते.

पण ही वाक्यं साखळीसारखी असतात. नववीत माझं एक वाक्य निसटलं. मी पुन्हा 'अध्यक्ष महाशय'पासून सुरू केलं आणि नेमका त्याच जागी अडकलो. त्यानंतर तीन वर्षं मी स्टेजवर चढलो नाही.

चिठ्ठीत हा धोका नाही. एखादा मुद्दा राहिला तरी समोरच्याला कळतही नाही. पोस्टकार्डाएवढा जाड कागद घ्या आणि मोठ्या अक्षरात चार-पाच शब्द लिहा. पातळ कागद हाताबरोबर थरथरतो आणि पहिल्या रांगेला ते दिसतं. शिवाय खाली बघताना आपसूक थांबणं होतं. तेवढ्यात श्वास सावकाश सोडला की धडधड जरा उतरते. वेळ मात्र आवरत नाही, म्हणून घड्याळ लावून दोन-तीनदा मोठ्यानं बोलून बघाच; मनातल्या मनात म्हटलेलं धरू नका.

माझा कौल चिठ्ठीलाच. फक्त पहिली दोन वाक्यं आणि शेवटचं एक तोंडपाठ हवं. स्पर्धेत कागद चालत नसेल, तर तेच चार-पाच शब्द क्रमानं लक्षात ठेवा, अख्खी वाक्यं नकोत.