तंबाखूच्या लिक्विडसाठी एमटीएल आरटीए, सात महिने रोज वापरल्यावर

आरटीए म्हणजे कॉइल (लिक्विड तापवणारी वायरची गुंडाळी) आणि कापूस स्वतः बसवायची ई-सिगरेटची टाकी, आणि एमटीएल म्हणजे सिगरेटसारखी आधी तोंडात घेऊन मग छातीत ओढायची घट्ट ओढ. पहिल्या आठवड्यात लिहायला बसलो असतो तर नुसत्या शिव्या लिहिल्या असत्या, म्हणून थांबलो. आता सात महिने झाले, रोज हाच वापरतोय, मधे दोनदा वैतागून खणात टाकला आणि दोन्ही वेळा चार दिवसांत गुपचूप परत काढला.

कुणाच्या जिभेने लिहिलंय ते आधी कळलेलं बरं. मी जुना सिगरेटवाला, फळाफुलांचे फ्लेवर मला दोन झुरक्यात नकोसे होतात, मला तंबाखूच लागते आणि तीही व्हॅनिला-कॅरमल चोपडलेली नको, कोरडी हवी. लिक्विड ५०-५० पीजी-व्हीजी (प्रोपिलीन ग्लायकॉल आणि ग्लिसरीन), साधं निकोटीन मिलीला १२ मिलीग्रॅम, निकोटीन सॉल्ट नाही. निकोटीन सुटलेलं नाहीये, ते आहेच, आणि जो मुळात ओढतच नाही त्याने हे वाचून उगाच नादी लागायचं काही कारण नाही.

आता वस्तू. २२ मिमी व्यासाचा, एकाच कॉइलचा डेक (कॉइल बसवायची बैठक), कॉइलचे पाय आवळायला दोन पोस्ट, २ मिली काचेची टाकी, वरून भरायचा, आणि हवेसाठी बदलता येणाऱ्या चार पिना, ०.८, १.०, १.२ आणि १.५ मिमी भोकाच्या. हवा थेट कॉइलच्या पोटाखालून येते. कॉइलवरचं चेंबर अगदी छोटं, घुमटासारखं, वर ड्रिप टिपकडे (तोंडात धरायच्या नळीकडे) निमुळतं होत जाणारं. याच बनावटीचे बरेच निघालेत, त्यामुळे नावात अडकायला नको, छोटं चेंबर आणि खालून एकच भोक असा कुठलाही घेतलात तरी पुढचं बरंचसं लागू पडेल.

सुरुवात वाईट झाली. पहिल्या दिवशी गळला, दुसऱ्या दिवशी गळला, तिसऱ्या दिवशी शर्टाचा खिसा पिवळा. मला वाटलं पीस डिफेक्टिव्ह आलाय, ओरिंग सगळ्या काढून परत बसवल्या, तरी तेच. दोष कापसाचा होता म्हणजे माझाच होता. पूर्वी ज्या मोठ्या धुराच्या टाक्या वापरल्या त्यात कापूस सैल ठेवायची सवय, आणि इथे गणित वेगळं आहे, भोक जेवढं लहान तेवढी तुम्ही ओढताना आत पोकळी जास्त तयार होते आणि तेवढं लिक्विड जोरात आत खेचलं जातं, सैल कापूस ते अडवू शकत नाही, मग चेंबर भरतं, गुडगुड वाजतं आणि हवेच्या भोकातून बाहेर. हे कळायला मला पंधरा दिवस लागले. गंमत म्हणजे १.२ च्या पिनवर अजिबात न गळणारा तोच कापूस ०.८ ची पिन लावली की लगेच गुडगुडायला लागतो. म्हणजे पिन बदलली की कापूसही बदलायचा, हे धरून चाला.

शेवटी हात बसला तो असा. कॉइलमधून कापूस ओढताना थोडा अडला पाहिजे, पण वायर वाकता कामा नये. दोन्ही शेपट्या डेकच्या कडेएवढ्या कापायच्या, बारीक टोकाच्या चिमट्याने विंचरून खालचा अर्धा भाग विरळ करायचा आणि मग ज्यूसच्या (लिक्विडच्या) खाचेत नुसत्या टेकवायच्या. कोंबायच्या नाहीत, कोंबल्या की चौथ्या झुरक्याला घसा जळतो. आणि भरताना हवेची रिंग बंद, झाकण लावून झालं की टाकी उलटी धरून मग रिंग उघडायची, नाहीतर झाकण फिरवताना दबलेली आतली हवा लिक्विड चेंबरमध्ये ढकलते. हे सगळं वाचायला किचकट वाटतंय पण आता माझं कापूस बदलणं चहा उकळायच्या आत होतं.

कोरडा झुरका एकदा तरी सगळ्यांना बसतोच, तो सहन करत ओढत बसू नका. ग्लिसरीन जास्त तापलं की त्यातून अ‍ॅक्रोलीन वगैरे तयार होतं, घशाला जे झोंबतं ते उगाच नाही झोंबत. थांबायचं, उघडून बघायचं.

वायरवर मी जितका वेळ घालवला तितका घालवायची गरज नव्हती हे आता कळतंय. साधी कँथल ए-१ वायर, २८ गेज जाडीची, २.५ मिमी दांड्यावर ६ वेढे, मीटरवर साधारण १.१ ओहम येतं, १२ ते १३ वॅटला चालवतो, बास. नायक्रोम ८० ने तापायला जरा चपळाई येते, चवीत मला फरक कळला नाही. एसएस ३१६एल (स्टेनलेस स्टीलची वायर) लावून टेम्परेचर कंट्रोलवर महिनाभर ओढलं, २१० डिग्रीला, सुरक्षित वाटतं कारण कापूस सुकला की मॉड (खालचा बॅटरीचा डबा) स्वतःच पॉवर मागे घेतो, पण तंबाखूची जी वरची खरखर असते ती पार गुळगुळीत होऊन जाते, मला नाही आवडलं. आणि ते क्लॅप्टन, जाड वायरवर बारीक वायर गुंडाळलेलं! पहिल्या दिवशी अहाहा, घट्ट, गोडसर, भरलेलं, आणि दुसऱ्या दिवशी बारीक वायरच्या वेढ्यांत काजळी अशी बसली की ब्रशने निघेना. साध्या वायरवर परत आलो आणि वेढे एकमेकांना चिकटवायच्या ऐवजी केसभर अंतर ठेवून गुंडाळायला लागलो, असं ठेवलं की गरम ठिपके होत नाहीत आणि साफ करणं सोपं जातं.

कॉइलची उंची मात्र महत्त्वाची निघाली. हवेच्या भोकापासून साधारण दीड मिमी वर ठेवली की चव सगळ्यात स्वच्छ. अगदी खाली ठेवली तर चव तीक्ष्ण होते पण पातळ, वर नेली तर वाफ कोमट आणि सगळं मिळमिळीत.

आता मुद्द्याचं, चव. मला घेताना असं वाटायचं की जितकी घट्ट ओढ तितकी तंबाखू खरी, कारण सिगरेट घट्टच असते. सात महिन्यांनी माझं मत उलटं झालंय. ०.८ वर चव दाट होते हे खरं पण सगळ्या तंबाखू सारख्याच लागायला लागतात, एक तपकिरी रंगाची चव, बास. मोकळं केलं की कडा दिसतात. पण किती मोकळं हे पानावर ठरतं, आणि म्हणून मला पिना बदलता येणं हे या अ‍ॅटोमायझरचं (म्हणजे या टाकीचंच) सगळ्यात मोठं सुख वाटतं, वायर-बियर नंतर.

व्हर्जिनिया घ्या. हे पान बंद कोठारात गरम हवेवर वाळवतात, त्यात पानातली साखर टिकून राहते, म्हणून त्याला ते सुकलेल्या गवताचं गोडसर अंग. १.० ची पिन, ११-१२ वॅट, यापेक्षा गरम केलं की ते गवत करपतं. उलट बर्ली सावलीत हवेवर कित्येक आठवडे सुकतं, साखर जवळजवळ संपते, उरतो तो कोरडा, शेंगदाण्याच्या टरफलासारखा, थोडा कोकोकडे झुकणारा वास, याला १३-१४ वॅटचा चटका चालतो, किंबहुना लागतोच, कमी वॅटला बर्ली म्हणजे ओला पुठ्ठा. ओरिएंटल लहान पानांची, उन्हात वाळवलेली, मसालेदार-आंबटसर, ती एकटी ओढण्यापेक्षा मिश्रणात बरी.

लाटाकियाने मला सगळ्यात जास्त शिकवलं. पान लाकडाच्या धुरावर धुरावतात, आता बहुतेक सायप्रसमधूनच येतं. घट्ट पिनवर नुसता धूर, जळालेली फळी चाटल्यासारखं, दोन दिवसांत बाटली बाजूला ठेवली होती. मग एकदा सहज १.५ लावली, आणि त्या धुराच्या मागे चामडं, राळ, थोडा खारटपणा असं एकेक पुढे आलं. तीच बाटली, तीच कॉइल, बदललं ते फक्त अर्धा मिमी भोक. पेरीक असलेल्या मिश्रणाचंही असंच, अमेरिकेत लुइझियानाच्या सेंट जेम्स भागात ते पान पिंपात दाबून स्वतःच्याच रसात महिनोन्‌महिने आंबवतात, त्याची ती मिरी आणि अंजिरासारखी चव नाकातून सोडताना कळते, घट्ट ओढीत नाकापर्यंत काही पोचतच नाही.

खऱ्या पानाचा अर्क आणि लॅबमध्ये बनवलेला फ्लेवर यातला फरक या मशीनवर लपत नाही. अर्काची चव खोल, जागा धरून, पण कितीही गाळलं तरी पानाचं मेण-बिण आणि साखर थोडी येतेच, तिसऱ्या टाकीला कापूस चहासारखा आणि कॉइलवर कोळशाचा थर. व्हर्जिनियाने लवकर होतं, बर्लीने उशिरा, साखरेमुळेच असावं. लॅबवाल्या फ्लेवरवर तोच कापूस सहज दहा-बारा टाक्या जातो, गोडवा म्हणून सुक्रालोज घातलेला नसेल तर. आधी मी तयार कॉइल वापरायचो, ती अर्कावर दोन दिवसांत मरायची आणि प्रत्येक वेळी सगळी फेकून द्यायची. इथे कापूस काढायचा, कमी वॅटला कॉइल थांबून थांबून मंद लाल करायची, गार होऊ द्यायची, ब्रश, पाणी, नवा कापूस. एकेक कॉइल मी दोन-अडीच महिने चालवलीये. स्वतः गुंडाळायची खटपट का करावी याचं एवढं एकच उत्तर मला पुरतं, चवीचं सगळं नंतर.

तक्रारी आहेत. आटे पहिल्या दिवसापासून खरखरीत, वाळूत फिरवल्यासारखे, धुवून झाल्यावर थोडे सुधारले. हवेची रिंग इतकी सैल की खिशात आपोआप फिरते आणि बाहेर काढून ओढायला जावं तर ओढच बदललेली. पोस्टचा एक स्क्रू तिसऱ्या महिन्यात खाच घासून बाद झाला, सोबत जास्तीचे दोन आले होते म्हणून वाचलो, दुसरा संपला की काय करायचं ते बघू. सोबतचा छोटा स्क्रूड्रायव्हर टाकून द्या, खाच घासण्यात त्याचाच हात आहे. विक्रेत्याला पिनांच्या जास्तीच्या संचाबद्दल विचारलं होतं, तीन वेळा कळवतो म्हणाला, अजून कळवतोय.

आणि ओरिंग वास धरतात. लाटाकियानंतर काहीही भरलं तरी आठवडाभर मागे धूर असतो, गरम पाण्याने जात नाही, स्पिरिटने पुसून जात नाही, सिलिकॉनच ते. मी आता लाटाकियासाठी ओरिंगचा वेगळा संच ठेवलाय, बायको म्हणते एवढी काळजी चष्म्याची घेतली असतीस तर.

कुणाला घ्या म्हणू आणि कुणाला नको? दिवसाला तीन-चार फ्लेवर बदलणाऱ्याला हा डोक्याला ताप आहे, २ मिली टाकी आणि प्रत्येक बदलाला धुलाई. ज्याला ओहम मोजायचा कंटाळा आहे त्यानेही लांब राहावं, नवीन कॉइल लावली की मीटरवर बघितल्याशिवाय मॉडवर चढवायची नाही, शॉर्ट झालेली कॉइल आणि बॅटरी हे गमतीचं काम नाही, मी स्वतः रेग्युलेटेड मॉडच (आत संरक्षणाचं सर्किट असलेला) वापरतो. पण दोन-तीन तंबाखू घेऊन निवांत बसणाऱ्या माणसाला दुसरं काही शोधायची गरज पडू नये.

सध्या आत व्हर्जिनिया-पेरीक आहे, सहा आठवडे मुरवलेलं, १.२ वर, १२ वॅट. १.५ वर कसं लागेल ते बघायचंय, पण त्यासाठी कॉइल काढावी लागेल आणि त्या दुसऱ्या स्क्रूची खाच आता घसरायला लागलीये.