एफपीजीए बोर्ड, सात महिन्यांनंतर
एफपीजीए म्हणजे आतलं सर्किट पुन्हा पुन्हा हवं तसं जोडता येणारी चिप. माझा बोर्ड छोटासाच. त्यावर लॅटिसची आइस४० अल्ट्राप्लस यूपी५के चिप, शेजारी एसपीआय फ्लॅश (वीज गेली तरी टिकणारी मेमरी), यूएसबी सॉकेट आणि एक तीनरंगी एलईडी. सात महिने जवळजवळ रोज वापरतेय. त्याआधी कित्येक वर्षं मायक्रोकंट्रोलरवर काम केलं होतं, त्यामुळे चिप प्रोग्राम करणं म्हणजे काय ते आपल्याला कळतं असं वाटायचं. पहिल्याच आठवड्यात तो भ्रम उतरला.

व्हेरिलॉगमध्ये (सर्किटाचं वर्णन करायची भाषा) मी मायक्रोकंट्रोलरच्या सवयीनं ३२ फेऱ्यांचा फॉर लूप लिहिला. त्या फेऱ्या एकामागून एक होतील अशी माझी अपेक्षा. टूलनं मुकाट्यानं ३२ अ‍ॅडर (बेरीज करणारी सर्किटं) एकापुढे एक जोडून ठेवले आणि चिपचा बराच भाग खाऊन टाकला. इथे ओळी ‘चालत’ नाहीत, त्यांचं सर्किट बनतं. चिपमध्ये ५२८० लुकअप टेबल आहेत. प्रत्येकाला चार इनपुट, म्हणजे १६ बिटांचा एक छोटा तक्ता. आपण काहीही लिहा, ते शेवटी या तक्त्यांत, फ्लिप-फ्लॉपांत (एकेक बिट लक्षात ठेवणारे घटक) आणि त्यांच्यामधल्या जोडण्यांत बसवायचं असतं.

ते बसवायचं काम फुकटच्या टूल्सनी होतं: योसिस (कोडाचं सर्किट करतं), मग नेक्स्टपीएनआर (ते चिपवर मांडून जोडतं), मग आइसपॅक (त्याची फाइल बांधतं). हातात येते साधारण १०४ किलोबाइटची बिटस्ट्रीम, म्हणजे चिपच्या आतल्या जोडणीची फाइल. आइसप्रोगनं ती फ्लॅशमध्ये टाकली की चिप ती वाचून घेते आणि सीडन (कॉन्फिगरेशन झाल्याचं सांगणाऱ्या) पिनवरचा हिरवा दिवा लागतो. तो लागला नाही तर कोडात चूक शोधत बसू नका, आधी वीज आणि फ्लॅश तपासा.

चिपची कॉन्फिगरेशन मेमरी एसरॅम असते, केबल काढली की कोरी. म्हणून रोजच्या प्रयोगांना मी बिटस्ट्रीम थेट एसरॅममध्ये टाकते. फ्लॅश पुसायचा वेळही वाचतो आणि तिची झीजही होत नाही. माझ्या बोर्डावर त्यासाठी जंपर (दोन पिना जोडणारी छोटी टोपी) बदलावा लागतो. एकदा दिवसभर छान चाललेलं डिझाइन दुसऱ्या दिवशी गायब! अर्धा तास डोकं खाजवलं, मग आठवलं की ते फ्लॅशमध्ये टाकलंच नव्हतं. (चिपच्या पोटात एकदाच लिहिता येणारी मेमरीही आहे. तिच्या वाटेला मी गेलेली नाही.)

पुन्हा प्रोग्राम करणं इतकं सोपं असल्यानं वाईट खोड लागते: बदल, टाक, बघ. ती मला यूएआरटी (बिटामागून बिट पाठवणारं सीरियल पोर्ट) करताना नडली. १२ मेगाहर्ट्झचं क्लॉक, ११५२०० बॉड (सेकंदाला तितके बिट), म्हणजे एका बिटाला साधारण १०४ क्लॉक. हिशोब बरोबर, सिम्युलेशन स्वच्छ, पण बोर्डावर मधूनच एखादा बाइट भलताच यायचा. वैताग असा की एलईडीची, यूएआरटीशी काडीचाही संबंध नसलेली, ओळ बदलली की बिघाड नाहीसा. मला वाटायचं सुटलं. पुढच्या बदलाला परत हजर! तीन आठवडे हा लपंडाव चालला. शेवटी कोड तसाच ठेवून नेक्स्टपीएनआरला फक्त वेगवेगळे सीड (मांडणीची सुरुवात ठरवणारे आकडे) दिले: काही बिटस्ट्रीम ठणठणीत, काही आजारी. तेव्हा डोक्यात प्रकाश पडला. आरएक्स (डेटा आत येणारी) पिन मी सिंक्रोनाइझ न करता, म्हणजे क्लॉकशी जुळवून न घेता, थेट स्टेट मशीनला (टप्प्याटप्प्यानं बाइट वाचणाऱ्या लॉजिकला) जोडली होती. बाहेरचा सिग्नल क्लॉकच्या काठावरच बदलला की एका फ्लिप-फ्लॉपला शून्य दिसायचं, दुसऱ्याला एक. प्रत्येक वेळी जोडण्यांची लांबी बदलायची, म्हणून लक्षणंही बदलायची. साध्या सिम्युलेशनमध्ये सिग्नल सगळीकडे एकाच क्षणी पोचतो, तिथे हे दिसणार कसं? एकामागे एक दोन फ्लिप-फ्लॉप लावले, तीन ओळींचं काम. त्यानंतर एकही बाइट चुकलेला नाही.

वेगाची फार आशा ठेवू नका. ४८ मेगाहर्ट्झचा ऑसिलेटर आतच आहे, पण माझं गुणाकाराचं लांबलचक लॉजिक त्या वेगाला टिकेना; मध्ये रजिस्टर (फ्लिप-फ्लॉपांचे गट) घालून तुकडे करावे लागले. १ मेगाबिटची आतली रॅम मात्र फार कामाला येते.

बोर्डाबद्दल खरी तक्रार एकच. पिनांची नावं खालच्या बाजूला छापलीत. ब्रेडबोर्डवर बसवला की दिसतच नाहीत, म्हणून मी कागदाची पट्टी चिकटवलीय. आणि तो जंपर इवलासा, दोनदा हरवला. सध्या जुन्या मदरबोर्डवरचा काढून लावलाय, मस्त बसतो.