फिल्म डायरेक्शनचं दोन दिवसांचं वर्कशॉप, संभाजीनगर: 3 स्टार, तेही एका सरांमुळं

भाचा परभणीला बीएस्सी करायलाय, सेकंड इयर, झूलॉजी. दिवाळीपासून एकच धोशा, मला डायरेक्टर व्हायचंय, हे किडे-मकोडे बास झाले, कॉलेज सोडतो. ताईचा रडत फोन, म्हणली तू जरा बघ याच्याकडं. म्हणून सिडकोत एका इन्स्टिट्यूटचं शनिवार-रविवारचं वर्कशॉप होतं तिथं घेऊन गेलो. फी 2500. पालक म्हणून मला मागं फुकट बसू दिलं, हे एक बरं.

आधी रडगाणं. जाहिरातीत लिहिलं होतं 'प्रत्येकाच्या हातात कॅमेरा'. कॅमेरा एक, पोरं चाळीस. भाच्याच्या वाट्याला दोन मिनिटं आली, त्यात लेन्सचं झाकण काढायचं राहिलं. एसी नावाला, पोहे गार, सर्टिफिकेटवर आडनाव चुकलेलं.

पण शनिवारी दुपारी एक रिटायर्ड प्राध्यापक आले, पांढरा बुशशर्ट, हातात खडू. प्रोजेक्टर बंद पडला तर म्हणले असू द्या, फळा आहे की. आणि चक्क शाळेसारखं 'जोड्या लावा' लिहिलं. डावीकडं सत्यजित राय, जब्बार पटेल, मणिरत्नम, अनुराग कश्यप, नोलन, नागराज मंजुळे. उजवीकडं झूलॉजी, एमबीए, एम.ए. मराठी, इकॉनॉमिक्स, इंग्रजी साहित्य, डॉक्टरकी. पोरं हसायला लागली, म्हणली सर चुकीचा फळा लिहिलाव. झूलॉजी कुणाला द्यावं कुणालाच कळंना, शेवटी एकानं मणिरत्नमला देऊन टाकलं. ते एमबीए निघाले, मुंबईच्या जमनालाल बजाजचे. झूलॉजी अनुराग कश्यपचं, दिल्लीचं हंसराज कॉलेज. माझा भाचा एकदम ताठ बसला, तेवढ्यात माझे पैसे वसूल.

जब्बार पटेल डॉक्टर हे आमच्या पिढीला माहीत, पण सरांनी पुढं सांगितलं की त्यांचा 'सिंहासन' आला 1979 ला आणि त्याच वर्षी तिकडं ऑस्ट्रेलियात जॉर्ज मिलर नावाच्या डॉक्टरनं 'मॅड मॅक्स' काढला. लातूरच्या नीटवाल्या क्लासात हे सांगितलं तर पालक क्लासच बंद पाडतील, मजाक नाही. श्याम बेनेगल पण निघाले, निजाम कॉलेज, उस्मानिया, इकॉनॉमिक्स. माझे आजोबा उस्मानियाचं नाव असं घ्यायचे जसं काही गावातलंच कॉलेज आहे, निजामाचा काळ, त्यामुळं मला उगंच आपला माणूस वाटला.

मला वाटलं आता सर म्हणणार, बघा डिग्रीनं काही होत नसतं. तसं नाही म्हणले. म्हणले कॉलेजात विषय कोणता ते नंतर विचारा, आधी कपाटात काय आहे ते विचारा. नोलन इंग्रजी शिकायला युनिव्हर्सिटी कॉलेज लंडनला गेला, पण नजर तिथल्या 16 एमएम कॅमेऱ्यांवर आणि एडिटिंगच्या मशीनवर होती, फिल्म सोसायटीत घुसला आणि ते सामान वापरून घेतलं. मंजुळेंनी पुण्यात एम.ए. मराठी केलं, मग नगरला कम्युनिकेशन स्टडीज, आणि तिथं शिकतानाच 'पिस्तुल्या' केली, राष्ट्रीय पुरस्कार आला. स्पीलबर्गनं तर कॉलेज अर्धवट सोडलेलं, 2002 ला परत जाऊन डिग्री घेतली आणि प्रोजेक्ट म्हणून 'शिंडलर्स लिस्ट' दाखवली. मास्तरची काय हालत झाली असंल.

आणि जाता जाता एक वाक्य, पण भाच्याला तेच लागलं. पुण्याच्या एफटीआयआयला, म्हणजे सरकारी फिल्म इन्स्टिट्यूटला, डायरेक्शनला जायचं तर कोणत्याही शाखेची का होईना, पदवी लागते. हिरानी नागपूरचे कॉमर्सवाले, पायल कपाडिया इकॉनॉमिक्सवाली (2024 ला कान्सचं ग्रां प्री), दोघंही आधी पदवी घेऊन मग तिथं गेलेले. म्हणजे झूलॉजी सोडलं की ते दार बंद.

रविवार मात्र निव्वळ सेल्स. टाय घातलेला एक पोरगा आला, दीड तास आमचा डिप्लोमा, 1 लाख 80 हजार, आजच भरा तर सूट. म्हणला डिप्लोम्याशिवाय या लाइनीत कुणी उभं करत नाही. मागं फळा नीट पुसलेला नव्हता, त्याच्या डोक्याच्या बरोबर वर 'झूलॉजी' तसंच दिसायलं होतं. भाच्यानं मला कोपर मारला. मी विचारलं तुमच्याकडं कॅमेरे किती, तर म्हणला लवकरच येणारेत.

जायचं असंल तर शनिवारचंच जमतं का विचारा, डबा घरून न्या, आणि त्या सरांचं लेक्चर आहे का ते आधी फोनवर पक्कं करा. रविवारी पाकीट घरी ठेवा.

भाच्याला सोमवारी प्रॅक्टिकल होतं, गेला गुमान. दोन दिवसांनी फोन, मामा, कॉलेजच्या कल्चरलच्या कपाटात युवक महोत्सवाच्या टायमाचा एक हॅंडीकॅम निघालाय, सरांनी वापर म्हणलंय. चार्जर तेवढा सापडंना गेलाय.