युरेल पास काही महिने वापरल्यावर: पैसे कुठे वसूल होतात आणि कुठे अडकतात

युरेल ग्लोबल पास, म्हणजे युरोपात रेल्वेने फिरायचा एकच पास, ३३ देशांत चालतो. पण त्यातल्या कोणत्या देशात तो मोकळेपणाने चालतो आणि कुठे प्रत्येक गाडीला वेगळे पैसे मागतो, यावर सगळा हिशेब आहे. काही महिने पास वापरून आणि संभाजीनगर, परभणी, लातूरकडच्या कुटुंबांचे मार्ग आखताना जे पक्कं कळलं, ते इथे लिहितोय.

आधी मुख्य गोष्ट. पास म्हणजे आपलं जनरलचं तिकीट. गाडीत चढायचा हक्क मिळतो, जागा मिळेलच असं नाही. जागेचं रिझर्व्हेशन वेगळं. जर्मनी, ऑस्ट्रिया, स्वित्झर्लंड, नेदरलँड्स, चेकिया या पट्ट्यात दिवसाच्या बहुतेक गाड्यांना ते सक्तीचं नाही. फ्रान्सच्या टीजीव्ही, इटलीच्या फ्रेच्चारोसा आणि स्पेनच्या वेगवान गाड्यांना, तसंच लंडन–पॅरिस युरोस्टारला सक्तीचं आहे. फ्रान्सच्या आत साधारण १० किंवा २० युरो, इटलीत १३ युरो, युरोस्टारला ३० युरोंच्या पुढे, तेही माणशी आणि दर गाडीला.

आता चौघांच्या कुटुंबाचा हिशेब करा. मिलान–फ्लॉरेन्स आणि फ्लॉरेन्स–रोम या दोन गाड्या धरल्या, तर १३ × ४ × २ म्हणजे १०४ युरो, पास हातात असूनही. ४ ते ११ वर्षांच्या मुलांना मोठ्यांसोबत पास फुकट मिळतो, एका मोठ्या माणसामागे दोन मुलांपर्यंत. पण जागेचे पैसे त्यांचेही भरावे लागतात. याच दोन प्रवासांची त्रेनइतालियाची, म्हणजे इटलीच्या सरकारी रेल्वेची, स्वस्त तिकिटं दोन-तीन महिने आधी काढली, तर पासाचे दोन दिवसही वाचतात. म्हणून फक्त इटली, किंवा पॅरिस आणि इटली असा बेत असेल तर पास घेऊ नका, हे स्पष्ट सांगतो. फ्रान्समध्ये आणखी एक अडचण आहे. टीजीव्हीत पासधारकांसाठी जागांचा कोटा मर्यादित असतो. गाडीत सीट रिकाम्या दिसतात, साधं तिकीट मिळत असतं, पण पासाचं रिझर्व्हेशन संपलेलं असतं. मे-जूनमध्ये, म्हणजे नेमक्या आपल्या शाळांच्या सुट्टीत, हे हमखास होतं.

पास वसूल होईल असा सात ट्रॅव्हल डेचा, म्हणजे पासावर प्रवासाचे सात दिवस धरून, मार्ग असा निघतो. पहिल्या दिवशी ॲमस्टरडॅमहून कोलोन. तिथलं कॅथेड्रल स्टेशनला लागूनच आहे, बॅगा लॉकरमध्ये टाकून तीन तासांत निवांत पाहून होतं. त्याच दिवशी पुढे मानहाइमवरून हायडेलबर्ग. दुसरा दिवस हायडेलबर्ग–बासेल–लुत्सर्न. तिसरा लुत्सर्न–इंटरलाकेन, ब्रूनिग घाटातली दोनेक तासांची सुंदर वाट. चौथा इंटरलाकेनहून झुरिक आणि पुढे आर्लबर्गच्या डोंगरातून साल्झबर्ग. हा मोठा दिवस, सात-आठ तास बसून. मग साल्झबर्ग–व्हिएन्ना, व्हिएन्ना–प्राग आणि शेवटी प्राग–बर्लिन. यात सक्तीचं रिझर्व्हेशन जवळजवळ नाही. विमान जाताना ॲमस्टरडॅमचं आणि परतीचं बर्लिनचं काढा. एकाच शहरात परत येण्यात एक अख्खा ट्रॅव्हल डे वाया जातो.

ट्रॅव्हल डे म्हणजे रात्री १२ ते रात्री १२, त्यात कितीही गाड्या बदला. फ्लेक्सी पास एका महिन्यात ४, ५ किंवा ७ दिवसांचा, नाहीतर दोन महिन्यांत १० किंवा १५ दिवसांचा मिळतो. पासाच्या किमतीला दिवसांनी भागा. जो आकडा येईल त्यापेक्षा ज्या दिवसाचं साधं तिकीट स्वस्त आहे, तो दिवस पासातून करू नका. म्युनिकहून साल्झबर्गला दिवसभर जाऊन यायचं असेल तर बायर्न तिकीट, म्हणजे बव्हेरिया राज्याचं दिवसभराचं तिकीट, घ्या. ते एकत्र पाच जणांपर्यंत चालतं आणि साल्झबर्गपर्यंत लागू आहे. अट एवढीच की फक्त रिजनल गाड्या, आणि सोमवार ते शुक्रवार सकाळी ९ नंतर. व्हिएन्ना–ब्रातिस्लाव्हा तासाभराचा प्रवास, तोही वेगळ्या तिकिटावर परवडतो. आपल्याकडच्या लोकांचा कल पास पुरेपूर वापरायचा म्हणून छोट्या प्रवासातही दिवस खर्चण्याकडे असतो आणि शेवटच्या मोठ्या टप्प्याला दिवस उरत नाही.

स्वित्झर्लंडबद्दल सर्वांत जास्त गैरसमज आहेत. युरेल पास तिथल्या मुख्य रेल्वेवर उत्तम चालतो, पण डोंगरावर चढणाऱ्या बहुतेक गाड्यांवर आणि शहरातल्या ट्राम-बसवर नाही. इंटरलाकेन ओस्ट स्टेशनच्या पुढे युंगफ्राऊ शिखराकडे सवलत मिळते, फुकट नाही. रिगीचा डोंगर स्विस ट्रॅव्हल पासात येतो. त्यामुळे स्वित्झर्लंडमध्येच पाच-सहा दिवस राहून रोज डोंगर-तलाव करायचे असतील तर तिथला स्वतःचा पास पाहा. तिथून नुसतं पुढे जायचं असेल तर युरेल पुरेसा आहे.

ग्लेशियर एक्सप्रेस आणि बर्निना एक्सप्रेस या स्वित्झर्लंडच्या पर्यटक गाड्यांच्या नावांना लोक भुलतात. दोन्हींना रिझर्व्हेशन सक्तीचं आणि महाग. बर्निनाच्या त्याच रुळांवरून साधी रिजनल गाडी धावते. सेंट मॉरिट्झहून इटलीतल्या तिरानोला. तिला रिझर्व्हेशन लागत नाही, पास चालतो आणि खिडकीही उघडते. २,२५३ मीटरवरचं ओस्पिझिओ बर्निना आणि ब्रूसिओचा गोल फिरणारा पूल दोन्ही गाड्यांतून तेच दिसतात. हा मार्ग २००८ पासून जागतिक वारसा यादीत आहे. शिवाय तिरानोहून मिलानची रिजनल गाडी साधारण अडीच तासांची, तीही पासात. झुरिक–मिलानच्या थेट गाडीला सीमा ओलांडताना रिझर्व्हेशन लागतं, ते असं टाळता येतं. वेळ जास्त लागतो, पण युरोपात रेल्वेने फिरायचं ते अशाच वाटांसाठी, असं आमचं ठाम मत आहे.

आता ॲप. पास मोबाईलमध्येच असतो, रेल प्लॅनर नावाच्या ॲपात. आधी आडनाव आणि पास क्रमांक टाकून पास जोडायचा. मग गाड्या शोधून सहल तयार करायची. प्रवास जवळ आला की पास ॲक्टिव्हेट करायचा. इथे पासपोर्ट क्रमांक आणि सुरुवातीची तारीख लागते. त्यानंतर प्रत्यक्ष प्रवासाच्या दिवशी सहलीतली गाडी पासात घ्यायची, ट्रॅव्हल डे पक्का करायचा, तेव्हा कोड तयार होतो. टीसी तो स्कॅन करतो, कधी पासपोर्ट मागतो. सहल तयार केली म्हणजे तिकीट तयार झालं, असं समजून लोक गाडीत बसतात, हीच सर्वांत महागात पडणारी चूक. गाडी पासात न घेता चढलात तर तुम्ही विनातिकीट आहात. गाडी चुकली आणि पुढची पकडायची असेल तर आधी ती ॲपात घ्या, मग चढा. ठरवलेला ट्रॅव्हल डे आदल्या रात्री १२ पर्यंत मागे घेता येतो, नंतर नाही.

ॲप ऑफलाइन चालतं, पण तीन दिवसांतून एकदा तरी इंटरनेटला जोडावं लागतं. घरातल्या चौघांचे पास एका फोनवर ठेवता येतात. मात्र एक पास एका वेळी एकाच फोनवर राहतो. मग तो फोन ज्याच्याकडे, त्याच्याशिवाय बाकीचे कुठे जाऊ शकत नाहीत. म्हणून मोठ्यांचे पास वेगवेगळ्या फोनवर ठेवा आणि पॉवर बँक बॅगेत नाही, हाताशी ठेवा. ॲपातलं वेळापत्रक शिळं असू शकतं. फलाट आणि उशीर पाहायला त्या त्या देशाच्या रेल्वेचं ॲप वापरा, जर्मनीसाठी डीबी नॅव्हिगेटर. डिसेंबरच्या दुसऱ्या शनिवारनंतरच्या रविवारी सगळ्या युरोपचं वेळापत्रक बदलतं. त्याआधी पाहिलेल्या वेळा जानेवारीत तशाच धरू नका.

जर्मनीत उशिराची तयारी ठेवाच. २०२४ मध्ये तिथल्या लांब पल्ल्याच्या गाड्यांपैकी ६२.५ टक्केच वेळेवर पोहोचल्या, आणि वेळेवर म्हणजे सहा मिनिटांपेक्षा कमी उशीर. ॲप सात मिनिटांत गाडी बदलायला सांगतं, पण दोन सूटकेस आणि आजी-आजोबांसह ते जमत नाही. जर्मनीत गाडी बदलताना ४० मिनिटं सोडा, स्वित्झर्लंडमध्ये १० पुरतात. पासाची खरी ताकद इथेच आहे. स्वस्त आगाऊ तिकीट ठरलेल्या गाडीला बांधलेलं असतं, पास नसतो. पुढच्या तासाची गाडी पकडा, एक पैसा जास्त लागत नाही.

काही गाड्या वाटेत दुभागतात. अर्धे डबे एका शहराला, अर्धे दुसऱ्या. फलाटावरच्या पाटीवर डब्यांच्या क्रमांकासह दोन्ही ठिकाणं लिहिलेली असतात. ती वाचल्याशिवाय जो दिसेल त्या डब्यात चढू नका, आतून चालत पलीकडच्या भागात जाता येत नाही. सीटवरच्या छोट्या पडद्यावर दोन स्टेशनांची नावं असतील तर तेवढ्या टप्प्यापुरती ती राखीव. पडदा कोरा असेल तर बसा. जर्मनीत साधारण साडेपाच युरोंत जागा राखता येते. शुक्रवार-रविवार आणि चार तासांच्या पुढचा प्रवास असेल तर ते पैसे जरूर घाला. पहिल्या वर्गाची गरज नाही. ज्येष्ठ सोबत असतील आणि उन्हाळा असेल तरच विचार करा. साठीच्या पुढच्यांना पासावर १० टक्के सवलत आहे आणि २७ वर्षांपर्यंतच्यांना त्याहून जास्त.

रात्रीच्या गाडीला फक्त निघायचा दिवस मोजला जातो, मध्यरात्रीनंतर गाडी बदलली नाही तर. झुरिक–ॲमस्टरडॅम नाइटजेटला एक ट्रॅव्हल डे आणि हॉटेलची एक रात्र, दोन्ही हिशेबात बसतं. पण बर्थचे पैसे वेगळे आणि बर्थ लवकर संपतात. बसून जायची सीट स्वस्त पडते, पण रात्रभर त्यावर झोप होत नाही.

खासगी आणि स्वस्त गाड्या नीट पाहा. इटलीची इतालो, फ्रान्सची स्वस्त विगो, जर्मनीची फ्लिक्सट्रेन यांवर पास चालत नाही. पॅरिसमध्ये उत्तरेकडच्या गाड्या गार दु नोरवर, जर्मनीच्या बहुतेक गार द लेस्टवर आणि स्वित्झर्लंड-इटलीच्या गार द लिओंवर. स्टेशन बदलायचं असेल तर दीड तास धरा, मेट्रोचं तिकीट वेगळं. व्हेनिसमध्ये मेस्त्रे हे अलीकडचं स्टेशन, कालव्यांच्या शहरात उतरायचं ते सांता लुचियाला. बर्लिन, म्युनिकच्या एस-बानवर, म्हणजे लोकल गाड्यांवर, पास चालतो; यू-बानवर, म्हणजे मेट्रोवर, नाही.

शेंगेन व्हिसासाठी, म्हणजे युरोपातल्या बहुतेक देशांना चालणाऱ्या एकाच व्हिसासाठी, बहुतेकांना मुंबई किंवा पुणे गाठावंच लागतं. अर्ज त्या देशाकडे करायचा जिथे तुमचे सर्वांत जास्त दिवस आहेत. दिवस सारखे असतील तर जिथे आधी पाय ठेवता तिथे. वरच्या मार्गात स्वित्झर्लंड आणि ऑस्ट्रियाचे दिवस सहज सारखे होतात, म्हणून एका देशात एक रात्र मुद्दाम वाढवा म्हणजे प्रश्नच राहत नाही. अर्ज सहा महिने आधीपर्यंत करता येतो, फी ९० युरो, विमा किमान ३०,००० युरोंचा. ब्रिटन आणि आयर्लंड पासात आहेत, शेंगेन व्हिसात नाहीत. पास घेतल्यापासून ११ महिन्यांत सुरू करायचा असतो, त्यामुळे सवलतीच्या काळात आधी घेऊन ठेवता येतो. पण सवलतीचा पास बहुधा परत होत नाही. व्हिसाची खात्री नसेल तर परतावा मिळणाराच घ्या.

ज्या दिवशी विमान उतरतं त्या दिवशी सक्तीच्या रिझर्व्हेशनची गाडी ठेवू नका. देवगिरीने मुंबई, तिथून विमान, मग सीमेवर बोटांचे ठसे; ऑक्टोबर २०२५ पासून परदेशी प्रवाशांची नवी नोंदणी सुरू झाल्याने पहिल्या प्रवेशाला वेळ लागतो. त्या रात्री तिथेच मुक्काम करा.

बँकेच्या ॲपात कार्डाचे आंतरराष्ट्रीय व्यवहार आधी सुरू करा आणि ओटीपी येणारं सिम रोमिंगवर ठेवा. ऐनवेळी रिझर्व्हेशन काढताना सगळं अडतं ते ओटीपीपाशी. डब्यात शेंगदाण्याची चटणी, धपाटे खुशाल न्या, गाडीत खायला कोणी हरकत घेत नाही. कुंथलगिरीचे पेढे आणि तूप मात्र घरी ठेवा, दुधाचे पदार्थ भारतातून युरोपीय संघात नेता येत नाहीत. टीजीव्हीत माणशी दोन मोठ्या बॅगा, प्रत्येकी ७० × ९० × ५० सेंटीमीटरच्या आत, आणि एक छोटी. प्रत्येकीवर नावाची चिठ्ठी हवी. बाकी ठिकाणी वजन कोणी करत नाही, पण डब्याच्या दोन-तीन पायऱ्या बॅग स्वतः उचलून चढावं लागतं, हमाल मिळत नाही. माणशी एकच मध्यम सूटकेस घ्या आणि ती एका हाताने उचलता येते का, हे निघण्याआधी घराच्या जिन्यावर पाहून घ्या.