जुनी रजिस्टरं स्कॅन करून घेतली, त्याचा अनुभव

मंडळीची, म्हणजे चर्चची, जुनी रजिस्टरं बाहेर स्कॅनला द्यावीत का, असं गेल्या दोन महिन्यांत तीन पाळकसाहेबांनी मला विचारलं. प्रत्येकाला फोनवर तेच सांगून घसा बसला, म्हणून लिहूनच टाकते. दुकान पुण्यातलं आहे. नाव देत नाही, कारण पुढे तक्रार आहे.

आमची मंडळी नेवासा तालुक्यातली, अमेरिकन मराठी मिशनच्या परंपरेतली. मिशनचं काम नगरला १८३१ मध्ये सुरू झालं आणि तिथली पहिली मंडळी १८३३ ची. आमच्याकडे मात्र आधी शाळा आली, चर्चची इमारत फार नंतर. आठवडाभर मास्तर ज्या खोलीत बाराखडी घोटून घ्यायचे, तिथेच रविवारी उपासना. पहिलं बाप्तिस्मा रजिस्टर म्हणजे शाळेची हजेरीवहीच आहे, मास्तरांनी हाताने रेघा मारलेली. तारीख, नाव, बापाचं नाव, वय, गाव, जात, पाळकाची सही आणि शेवटी शेरा.

अशी चार रजिस्टरं, १,१४० पानं. दर पानाला ८ रुपये, म्हणजे ९,१२० रुपये झाले. कापणीच्या सणाच्या लिलावातून ते निघाले. (एक डांगर सातशेला गेलं. दोन भावांची चुरस होती, मंडळीचं भलं झालं.)

दुकानदाराचं पहिलं म्हणणं, "बाई, शिवण उसवून द्या, पानं सपाट पडतील, काम लवकर होईल." हे कोणीही ऐकू नका. जुनी शाई कागद खात गेलेली असते, उसवताना पानं अक्षरांच्या जागीच तुटतात. मी नाही म्हटल्यावर त्यांनी वही अर्धवट उघडून ठेवायचा पाळणा काढला आणि वरून कॅमेऱ्याने फोटो घेतले. म्हणजे सोय होती, सांगितली नव्हती. फोटो मात्र उत्तम. जिथे भिंगाने वाचताना मी हार मानली होती, तिथली नावं पडद्यावर मोठी करून सहज लागली.

"शोधता येणारी पीडीएफ" म्हणून पानामागे २ रुपये जास्त मागतात. देऊ नका. नमुन्याला एक पान करून घेतलं, तर हाताने लिहिलेल्या मराठीचा नुसता भुगा झाला होता.

आता तक्रार. डिस्क घरी आणली, पहिली वही पाहिली, खूश झाले. दुसऱ्या वहीत काहीतरी चुकल्यासारखं वाटत होतं. तासाभराने उमगलं की शेऱ्याचा रकानाच नाही. कडा आपोआप कापणाऱ्या सॉफ्टवेअरने उजवीकडची पट्टी वाळवीने खाल्लेली, डागाळलेली म्हणून कचऱ्यात काढली होती. एकूण ६३ पानं. फोन केला तर तिकडचा मुलगा म्हणाला, "नाव-गाव तर सगळं आलंय ना मॅडम?"

आलंय. पण नाव-गाव म्हणजे मंडळी नाही, हे त्याला कसं सांगू? कापलेली पानं नेमकी १८९९-१९०० च्या मोठ्या दुष्काळाच्या आसपासची होती. त्याआधी पानावर पाच-सहा नोंदी, तेही वर्षभरात. दुष्काळात एकेक पान महिन्यात भरलंय, आणि वयं पाहा, चार वर्षं, सात वर्षं, "आईबाप नाहीत". याच काळातल्या लोकांना पोटासाठी बाटलेले म्हणून गावोगाव हिणवलं गेलं, माझ्या आजीनेही ऐकलंय. ते खरं की खोटं याचं उत्तर त्या कापलेल्या रकान्यातच आहे. "परत गेला" असं आहे, नाही असं नाही, मी लपवणार नाही. पण त्याच अनाथ पोरांपुढे वीस वर्षांनी वेगळ्या शाईत लिहिलंय: "शिक्षक, वडाळा". "मंडळीचे पत्र घेऊन मुंबईस". "पलटणीत, बसरा". एका मुलीपुढे फक्त "पेटी वाजवते". मंडळी वाढली कशी आणि पांगली कशी, दोन्ही त्या तीन बोटांच्या पट्टीत.

ती ६३ पानं त्यांनी पुन्हा करून दिली, फुकट, पण वह्या घेऊन पुण्याला माझी आणखी एक खेप झाली आणि एसटीत त्या मांडीवरून खाली ठेवायची हिंमत झाली नाही.

आणखी एक गोष्ट. जातीचा रकाना. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशापासून ख्रिस्ती झालेल्या दलितांना अनुसूचित जातीच्या सवलती नाहीत, त्यामुळे कोणाच्या पणज्याचा बाप्तिस्मा कधी झाला ही आजही नाजूक बाब आहे. काम झाल्यावर दुकानाने आपल्याकडची प्रत पुसल्याचं लेखी घ्या. मी मागितलं, त्यांनी कुरकुर न करता सहीशिक्क्यानिशी दिलं. याचा एक तारा मी वाढवून देते.

फाइलींना नावं म्हणजे स्कॅन ०००१, ०००२. ती नीट द्यायला मला आणि युवक संघाच्या दोन पोरींना अख्खा मे महिना लागला. शेवटच्या वहीवर १९७० नंतरचा सीएनआयचा, म्हणजे चर्च ऑफ नॉर्थ इंडियाचा, शिक्का आहे. त्या वर्षी २९ नोव्हेंबरला नागपुरात सहा चर्च-संस्था मिळून ते एक झालं. आमच्या वहीत शिक्का बदलला, अक्षर त्याच पाळकांचं राहिलं.

पाचपैकी साडेतीन देते. दफनाचं रजिस्टर अजून द्यायचंय, तेही इथेच देईन. फक्त या वेळी डबा घेऊन जाणार आणि शेवटचं पान होईपर्यंत त्या मुलाच्या शेजारी खुर्ची टाकून बसणार.